वास्तव्याचा दाखला

सरकारी नोकराची बदली झाली म्हणजे त्याच्या मागोमाग त्याचे कागदही प्रवासाला निघतात, ही गोष्ट महसूल खात्यात हयात घालविलेल्या माणसाच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्यामागची काळजी त्याच्या ध्यानात सहसा येत नाही. जळगाव जिल्ह्यात कारकून आणि पुढे अव्वल कारकून म्हणून काम केल्यानंतर नायब तहसीलदाराच्या पदावर बढती मिळून माझी रवानगी धुळे जिल्ह्यात झाली, तेव्हा कार्यमुक्तीचा आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि सेवापुस्तक एवढे कागद जुन्या कचेरीने नव्या कचेरीकडे धाडले. मी कोण, माझे वेतन किती, रजा किती शिल्लक, कोणत्या कर्जाचे हप्ते राहिले, याचा सारा वृत्तांत त्या कागदांतून नव्या साहेबांना कळला. बिऱ्हाड हलविण्यात जे दिवस गेले तेही पदग्रहण अवधी म्हणून कर्तव्यावरचेच धरले गेले आणि त्यांचे वेतन मला मिळाले. उद्या निवृत्त माणसाने आपले निवृत्तिवेतन जळगावच्या कोषागारातून धुळ्याच्या कोषागाराकडे वर्ग करून मागितले, तर तेही एका अर्जावर होते. त्याला कोणी पुन्हा नोकरीला लागून दाखवावयास सांगत नाही.

ज्यांच्या प्रकरणांवर टिपण्या लिहिण्यात माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला त्या तहसिलीतल्या संजय गांधी निराधार अनुदान शाखेच्या अर्जदारांना मात्र, एका तालुक्याची शीव ओलांडून दुसऱ्या तालुक्यात राहावयास गेले की, आपण अपंग आहोत, निर्धन आहोत आणि मुळात येथे राहतो आहोत, हे सारे पहिल्यापासून सिद्ध करावे लागे. जे शासन माझ्यासारख्या धडधाकट, दरमहा वेतन घेणाऱ्या माणसाचे कागद आपल्या खर्चाने आणि आपल्या जबाबदारीवर हलविते, त्याच शासनाच्या त्याच इमारतीत, पायाने अधू असलेल्या बाईने मात्र आपले कागद स्वतः उचलून आणावयाचे, ही विसंगती मला तेव्हा खुपत असे आणि निवृत्तीनंतर तर अधिकच खुपते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना आपल्या राज्यात 1980 साली सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराने ग्रासलेले, अनाथ मुले आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेले अशा पासष्ट वर्षांखालच्या निराधारांना तिच्यातून दरमहा काही रक्कम मिळते. खानदेशात तिला कोणी अनुदान म्हणत नाही, ‘निराधारचा पगार’ म्हणतात. या योजनेची घडण पाहिली म्हणजे ती तालुक्याच्या हद्दीत का अडकून पडली हे समजते. निधी शासनाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तेथून तहसीलदाराकडे यावयाचा. तहसीलदाराने आहरण व संवितरण अधिकारी या नात्याने उपकोषागारात देयक सादर करावयाचे. देयक पारित झाले की गावनिहाय याद्या बँकेच्या आणि डाकघराच्या शाखांकडे जावयाच्या आणि तेथे ज्याच्या त्याच्या खात्यावर रक्कम पडावयाची. आमच्याकडे ही खाती बहुधा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या गावातल्या शाखेत असत. जळगावची बँक जळगाव जिल्ह्यापुरती, धुळे व नंदुरबारची बँक त्या दोन जिल्ह्यांपुरती. मंजुरी देणारी समिती तालुक्याची, चौकशी करणारा तलाठी सजाचा, यादी गावाची आणि बँक जिल्ह्याची, अशा या चौकटीत माणूस गावाच्या नावासह बसविलेला असे. गाव गळाले की माणूसही गळे.

वर्षातून एकदा पडताळणी होई. प्रत्येक लाभार्थ्याने हयातीचा दाखला द्यावयाचा, उत्पन्नाचा नवा दाखला जोडावयाचा, आणि तलाठ्याने गावातली यादी घेऊन नावापुढे शेरा मारावयाचा. ‘मयत’, ‘अपात्र’ आणि ‘स्थलांतरित’ हे तीन शेरे त्या शेवटच्या रकान्यात एकाच शाईने आणि एकाच अक्षरात लिहिलेले असत, आणि पुढच्या महिन्याच्या देयकात तिन्हींचा परिणाम एकच होई. मेलेल्या माणसाचे अनुदान थांबविणे योग्यच आहे. ज्याची परिस्थिती सुधारली त्याचे थांबविण्यालाही कारण आहे. परंतु जो केवळ राहावयास दुसरीकडे गेला, ज्याचा पाय किंवा डोळा गावाबरोबर मागे राहिलेला नाही, त्याचे नाव त्या दोघांच्या रांगेत का बसावे, याचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही शासन निर्णयात सापडले नाही. त्या तलाठ्यालाही मी दोष देत नाही. त्याच्या हाती यादी होती, तिच्यात हाच रकाना होता, आणि माणूस गावात नव्हता हे खरे होते.

तापीच्या खोऱ्यातल्या सोयरिकी जिल्ह्याची हद्द पाहून होत नाहीत. 1906 साली अखंड खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग इंग्रजांनी केले व त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले, तरी अमळनेर-पारोळ्याकडच्या आणि धुळे-शिंदखेड्याकडच्या माणसांची बोली, देवदैवते आणि मुलीबाळी यांची देवाणघेवाण जशीच्या तशी चालू राहिली. अशाच एका सोयरिकीतून एक तरुण बाई धुळे जिल्ह्यातल्या माहेराहून जळगाव जिल्ह्यातल्या सासरी आली होती. दोन्ही गावांच्या मध्ये सुरत-भुसावळ लोहमार्गावरची चार-पाच लहान स्थानके, एवढेच अंतर. डाव्या पायाला लहानपणीच पोलिओ झालेला, कॅलिपर बांधून चालणारी, बोलण्यात धीट. मी तेव्हा जळगाव जिल्ह्यातच होतो आणि अनुदान सहाशे रुपये होते. लग्नानंतर काही महिन्यांनी ती सासऱ्यांना बरोबर घेऊन कचेरीत आली आणि माझ्या मेजापुढे उभी राहून म्हणाली, “भाऊसाहेब, मना पगार बंद पडना. मी काय मरेल शे का?”

तिला मी बसावयास सांगितले आणि कागद पाहू लागलो. अपंगत्वाचे प्रमाणपत्र धुळ्याच्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीचे, पण माहेरच्या नावाचे. शिधापत्रिकेवर नाव अजून वडिलांच्याच घरचे. ते तेथील पुरवठा शाखेतून कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या शिधापत्रिकेत चढणार नाही, आणि सासरच्या शिधापत्रिकेत चढल्याशिवाय ती या कुटुंबाची घटक आहे हे आमच्या कचेरीला मान्य करता येणार नाही. विवाहाची नोंद ग्रामसेवकाकडे व्हावयाची राहिलेली. मंजुरीच्या मूळ आदेशाची नक्कल कोणाकडेच नाही. ती जुन्या तहसिलीच्या दप्तरात. मतदार यादीत नाव माहेरच्या गावी. म्हणजे ती समोर बसलेली होती, तिचा नवरा, सासरा, घर सारे याच तालुक्यात होते, आणि तरीही ती येथे राहते असे सांगणारा एकही कागद तिच्यापाशी नव्हता. तिने ज्या तारखेला उंबरठा ओलांडला त्या तारखेला माहेरच्या यादीतून ती गेली, आणि सासरच्या यादीत यावयाला तिला जे दाखले लागत होते त्यांतला प्रत्येक दाखला दुसऱ्या एखाद्या दाखल्याच्या आधारावर उभा होता.

हे दाखले मिळविणे कष्टाचे असले तरी अशक्य नव्हते. खरी अडचण पुढे होती, आणि तिचा विचार मी आजवर अनेकदा केला आहे. माहेरी तिचे वडील भूमिहीन शेतमजूर. त्यांचे नाव 2002 च्या सर्वेक्षणातून झालेल्या दारिद्र्यरेषेखालच्या यादीत, आणि त्या घराच्या क्रमांकाखाली तीही. सासरी थोडी कोरडवाहू जमीन, तिच्यात कपाशी, आणि दोन भाऊ एकत्र. योजनेची उत्पन्नमर्यादा अनेक वर्षे कुटुंबाला वार्षिक 21,000 रुपये एवढीच होती, आणि सात-बारावर जमीन दिसत असलेल्या एकत्र कुटुंबाला त्या आकड्याच्या आत बसविणे कठीण. म्हणजे अपंगत्व तेवढेच, तीच बाई, तोच कॅलिपर. पण वडिलांच्या घरात ती निराधार होती आणि सासऱ्यांच्या घरात तिला आधार असल्याचे कागद सांगत होते. अनुदान अपंग व्यक्तीला मिळते असे आपण म्हणतो खरे, परंतु मोजले जाते ते तिच्या भोवतीचे घर. घर बदलले की मोजमापच बदलते. त्यातही मुलगी असेल तर तिचे घर बदलणार हे आपल्या समाजात जन्मापासून ठरलेले असते, आणि तरीही योजनेच्या नियमांत तिच्या लग्नाचा विचार कोठेही केलेला मला दिसला नाही.

सासरे चांगले गृहस्थ होते. “सून आमची आहे, तिला आम्ही पोसू, पण तो तिचा पैसा आहे,” असे ते मला त्यांच्या बोलीत समजावून सांगत राहिले, आणि त्यांनी एका वाक्यात सांगितलेली ही गोष्ट कोणत्याही परिपत्रकाहून शहाणपणाची होती. सहाशे रुपयांतून ती कॅलिपरचे झिजलेले चामडी पट्टे बदलून घेई, तालुक्याला येण्याचे भाडे देई, भाऊबीजेला भावाच्या मुलांसाठी काही नेई. ज्या घरात ती नवीन होती, शेतात उभ्याने काम करू शकत नव्हती, त्या घरात दरमहा आपल्या नावावर येणारी ही रक्कम तिला ताठ मानेने बसू देत होती. ती नेमकी लग्नाच्या पहिल्या वर्षी थांबावी, जेव्हा तिची सर्वांत अधिक गरज असते, हे दुःख हिशेबाच्या वहीत कोठे लिहिता येत नाही.

माझ्या अधिकारात होते तेवढे मी केले. तिच्या माहेरच्या तहसिलीतल्या समपदस्थाला अर्धशासकीय पत्र लिहून मूळ मंजुरीच्या आदेशाची नक्कल आणि अनुदान कोणत्या महिन्यापर्यंत अदा झाले याचे पत्र मागविले. नावातल्या फरकाबद्दल प्रतिज्ञापत्र करवून घेतले. पती-पत्नीची वेगळी शिधापत्रिका घेता येईल का हे पुरवठा शाखेत विचारले. आणि टिपणीत, अर्जदार पूर्वीपासून मंजूर लाभार्थी असून केवळ विवाहामुळे तिचे वास्तव्य बदलले आहे, हे वाक्य सर्वांत वर लिहिले. समितीची बैठक लांबत गेली. अध्यक्ष अशासकीय असतात, नियुक्त्या राजकारणाच्या हवेबरोबर बदलतात, आणि समिती नसते तेव्हा प्रकरणे साचून राहतात. अखेर मंजुरी आली तेव्हा त्या लग्नानंतरची दुसरी दिवाळीही उलटून गेली होती. मंजुरी आदेशाच्या पुढचे अनुदान सुरू झाले. मधल्या काळाचे बुडाले ते बुडालेच, कारण त्या काळात ती कोणत्याच तालुक्याच्या यादीत नव्हती. तिच्या माहेरच्या ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातून अपंगांसाठी राखून ठेवावयाच्या निधीतून तिला पूर्वी काही रक्कम दिली होती. हा राखीव वाटा पूर्वी तीन टक्के होता, पुढे पाच टक्के झाला. सासरच्या ग्रामपंचायतीत तिचे नावच नव्हते, म्हणून तोही थांबला.

हे सारे ठाऊक असल्यामुळे कित्येक माणसे पत्ता बदलतच नाहीत. मुलगा जळगावला किंवा भुसावळला नोकरीला लागला, आई-वडिलांना घेऊन गेला, तरी अंध वडिलांचे नाव गावच्याच यादीत ठेवतात आणि हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना वर्षातून एकदा मोटारसायकलीवर मध्ये बसवून गावी आणतात. डोक्याला उपरणे गुंडाळलेले, दोघांच्या मध्ये घट्ट धरून बसविलेले असे वृद्ध मी चावडीसमोर उतरताना पाहिले आहेत. नियमाच्या भाषेत याला शासनाची दिशाभूल म्हणतात, आणि तशी नोटीस काढण्याचा अधिकारही कचेरीला असतो. मी याला लबाडी मानू शकलो नाही. खरे सांगितले तर दोन वर्षे भाकरी तुटते आणि न सांगितले तर तुटत नाही, अशी व्यवस्था जेथे आहे तेथे खरे बोलण्याची किंमत सर्वांत दुबळ्या माणसाकडून वसूल होते. तो दोष व्यवस्था करणाऱ्याचा असतो.

आणि कागद हलविता येत नाहीत असे म्हणावे तर तेही खरे नाही, कारण ते हलविलेले मी स्वतः पाहिले आहेत. 1998 च्या जुलैच्या पहिल्या तारखेला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. शहादा-तळोद्याकडची माणसे झोपली धुळे जिल्ह्यात आणि उठली नंदुरबार जिल्ह्यात, तरी कोणाही निराधाराला नव्याने अर्ज करावा लागला नाही. तेथे तहसीलकचेरी तीच राहिली होती, हे मान्य. पण पुढल्याच वर्षी एरंडोल तालुक्याचे विभाजन होऊन धरणगाव हा स्वतंत्र तालुका झाला, तेव्हा तर कचेरीच नवी होती. कारकुनीतली ती माझी उमेदीची वर्षे. जी गावे धरणगावकडे गेली त्यांची सारी दप्तरे रुमालांत बांधून, प्रत्येक रुमालावर गावाचे नाव आणि आतल्या प्रकरणांची संख्या लिहून, हस्तांतरण यादीवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशा दोन सह्या होऊन रवाना झाली. जमिनीच्या फेरफारांच्या नोंदी गेल्या, कूळकायद्याची प्रकरणे गेली, फौजदारीची गेली, आणि त्यांच्यातच निराधारांच्या मंजुरीची प्रकरणेही गेली. खेड्यातल्या आंधळ्या म्हाताऱ्याला आपले प्रकरण एका तहसिलीतून दुसऱ्या तहसिलीत गेल्याची वार्ताही लागली नसेल. शासनाला आपली हद्द हलवावयाची होती तेव्हा हजारो प्रकरणे एका यादीवर हलली; माणसाला आपले घर हलवावयाचे असते तेव्हा एकच प्रकरण हलत नाही. ही रीत आमच्याच खात्याच्या अंगवळणी आहे, हे मी पुढे अनेक बैठकांत सांगितले, आणि ऐकणाऱ्यांनी ते नाकारलेही नाही.

राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांची कथा याहून कठीण आहे. खानदेशातली माणसे पोटासाठी सुरतेला जातात, हे येथे कोणाला सांगावयास नको. उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत अहिराणी जितकी ऐकू येते तितकी धुळ्याच्या काही पेठांतही आता येत नसेल. अमळनेर आणि धुळ्याच्या कापडगिरण्यांचे वैभव ओसरल्यावर हा ओघ वाढतच गेला. तिकडच्या यंत्रमागावर उजव्या हाताचा मनगटावरचा भाग गमावून बसलेला एक गृहस्थ 2020 च्या टाळेबंदीत बायकामुलांसह आपल्या मूळ गावी परतला, तेव्हा मी धुळे जिल्ह्यात होतो. कारखान्याने त्याची कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद केलेली असती तर अपंगत्वाचा लाभ तो जाईल तेथे त्याच्या पाठोपाठ गेला असता. ती नोंद नव्हती. प्रमाणपत्र सुरतेच्या सरकारी रुग्णालयाचे होते, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 58 प्रमाणे ते देशभर ग्राह्य आहे, म्हणून त्याच्या अपंगत्वाविषयी वाद नव्हता. वाद होता तो वास्तव्याविषयी. योजनेला महाराष्ट्रातले किमान पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते, आणि हा मनुष्य एकोणिसाव्या वर्षी गेला तो चाळिशी उलटल्यावर परतला होता. गुजरातेत असताना तेथल्या संत सूरदास योजनेला तेव्हा ऐंशी टक्के अपंगत्व लागे, याचे भरले सत्तरच्या घरात. म्हणून तिकडेही काही मिळाले नव्हते. हात ज्या राज्यात गेला त्या राज्याच्या मोजमापात तो बसला नाही, आणि ज्या राज्यात त्याचा जन्म झाला त्याच्या मोजमापात त्याची वर्षे बसेनात.

ती पंधरा वर्षे अर्जाच्या तारखेपासून मागे सलग मोजावयाची की जन्मापासूनची सारी मिळून धरावयाची, यावर मी निरनिराळ्या कचेऱ्यांत निरनिराळी मते ऐकली आहेत. नियमाचा हेतू परप्रांतीयाने येऊन लगेच लाभ घेऊ नये एवढाच आहे. याच मातीत जन्मून, याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून, पोटासाठी बाहेर गेलेल्या माणसाला परतल्यावर परका ठरविणे हा त्याचा हेतू असूच शकत नाही, असे माझे ठाम मत होते आणि तसे मी टिपणीत नमूद केले. मत पुरेसे नसते, पुरावा लागतो. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातला उतारा, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मधली त्याच्या वडिलांच्या घराची नोंद, जुन्या मतदार याद्यांत राहून गेलेले त्याचे नाव, असे एकेक करून जमा केले. शाळेचे एक रजिस्टर पावसाने भिजून त्याची पाने एकमेकांना चिकटली होती. मुख्याध्यापकांनी ती उन्हात धरून, अलगद सोडवून, उतारा काढून दिला. त्या दिवसांत मी संध्याकाळी कधी कधी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसत असे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरून आणि तळघरांतून जे कागद गोळा केले, ते तेथे किती ममतेने जपले आहेत हे पाहताना, एका जिवंत माणसाचे भवितव्य ज्या कित्येक वर्षांपूर्वीच्या उताऱ्यावर अवलंबून आहे तो आपल्या गावच्या शाळेत ओलीत पडलेला असावा, याची खंत मला वाटल्यावाचून राहत नसे. त्याचे प्रकरण मंजूर झाले. तसलीच आणखी काही नामंजूर झाली, कारण त्यांच्या शाळेचे रजिस्टर मुळात उरलेच नव्हते, किंवा ते कधी शाळेत गेलेच नव्हते.

मतिमंद मुलांच्या मातांचीही एक वेगळी अडचण असते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली अठरा वर्षांवरील अशा मुलाचे पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती देते, आणि त्या आदेशावर बँकेत त्याचे खाते चालते. पती वारल्यावर भावाच्या आश्रयाला दुसऱ्या जिल्ह्यात आलेल्या एका मातेला नव्या बँकशाखेने हा दुसऱ्या जिल्ह्याचा आदेश पाहून पुष्कळ दिवस अडवून धरले होते. आदेश कायद्याचा होता, जिल्ह्याचा नव्हता. हे एका पत्राने पटले, पण ते पत्र लिहिणारा कोणी तिला भेटावा लागला.

आता काळ पालटला आहे, आणि पालटातल्या चांगल्या गोष्टी मी मोकळ्या मनाने मान्य करतो. अनुदान 2019 साली हजार रुपये, 2023 साली दीड हजार आणि दिव्यांगांसाठी 2025 च्या ऑक्टोबरपासून अडीच हजार रुपये झाले. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यावर थेट जमा होते. ते खाते कोणत्या गावच्या शाखेत आहे याला महत्त्व उरलेले नाही. अपंगत्वाचे वैश्विक ओळखपत्र देशभर चालते आणि त्याच्यावरचा पत्ता बदलून घेता येतो. शिधापत्रिकेवरचे धान्य आता दुसऱ्या गावच्या, नव्हे दुसऱ्या राज्याच्या दुकानातूनही उचलता येते. एस.टी.त पंचाहत्तर टक्के सवलत देताना वाहकाने कधी तालुका विचारला नाही. म्हणजे ज्या कारणांनी हे अनुदान एका तालुक्याच्या चौकटीत अडकले होते, ती बँकेची, यादीची, देयकाची कारणे एकेक करून नाहीशी झाली आहेत. उरली आहे ती मंजुरी, आणि ती अजून तहसिलीची आहे. रक्कम वाढल्यामुळे खंड पडला तर होणारे नुकसानही वाढले आहे: सहाशे रुपये सहा महिने न मिळणे आणि अडीच हजार रुपये सहा महिने न मिळणे यांत फार अंतर आहे.

माझी सूचना नवी नाही. सरकारी नोकराला जे लागू आहे तेच निराधाराला लावावे एवढीच ती आहे. लाभार्थ्याने वास्तव्य बदलल्याचा एक साधा अर्ज जुन्या किंवा नव्या, कोणत्याही तहसिलीत द्यावा. जुन्या तहसिलीने अंतिम वेतन प्रमाणपत्राच्या धर्तीवर अंतिम अनुदान प्रमाणपत्र तयार करून, मंजुरी आदेश आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या नकलांसह, ते नव्या तहसिलीकडे परस्पर पाठवावे. नवी तहसील ते स्वीकारीपर्यंत जुनीने अनुदान चालू ठेवावे, म्हणजे मधला एकही महिना कोरडा जाणार नाही. उत्पन्नाची आणि कुटुंबाची फेरतपासणी करावयाची असेल तर ती इतर सर्वांप्रमाणे वार्षिक पडताळणीत करावी. केवळ घर बदलले म्हणून माणसाला नव्या अर्जदारांच्या रांगेच्या शेवटी उभे करू नये.

तोवर धुळ्यात देवपुरातल्या माझ्या घरी कागद घेऊन येणाऱ्यांना मी एवढेच सांगतो. घर हलविण्याच्या आधी, गाडी भरण्याच्या आधी, जुन्या तहसिलीत जा आणि मंजुरी आदेशाची साक्षांकित नक्कल घ्या. अनुदान कोणत्या महिन्यापर्यंत जमा झाले याचे पत्र तहसीलदारांच्या सहीने आणि जावक क्रमांकासह मागा. तोंडी सांगितलेले पुढच्या कचेरीत चालत नाही. शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला त्याच फेरीत पुरवठा शाखेतून घ्या. मुलीचे लग्न असेल तर विवाहाची नोंद लग्नाच्याच महिन्यात करा आणि ओळखपत्रावरचे नाव त्या नोंदीवरून बदलून घ्या. सुरतेला किंवा आणखी कोठे राज्याबाहेर निघाला असाल तर शाळेचा उतारा आणि ग्रामपंचायतीच्या घरनोंदीची नक्कल काढून बरोबर ठेवा; आज त्यांचा उपयोग दिसणार नाही, पण परत यावे लागले तर तुमची वर्षे त्याच दोन कागदांवरून मोजली जातील. आणि नव्या गावी पोहोचलात की अर्ज देताना आवक क्रमांक आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.